वाचकांचे प्रश्न : मासेमार ऑस्प्रे आणि त्याचे पाणी

मासे पकडून जगणाऱ्या शिकारी पक्ष्यांमध्ये ऑस्प्रेइतका जगभर पसरलेला दुसरा पक्षी नाही. मराठी पक्षीनिरीक्षक त्याला मासेमार घार किंवा कैकर या नावांनी ओळखतात. या पक्ष्याविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. बऱ्याच पत्रांत तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला होता. असे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ऑस्प्रे हा गरुडाचा प्रकार आहे की घारीचा? समुद्री गरुड आणि ऑस्प्रे यांत फरक कसा करावा?

उत्तर : वर्गीकरणाच्या दृष्टीने तो गरुडही नाही आणि घारही नाही. लिनियसने १७५८ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे त्याच्या शरीररचनेतील वेगळेपणामुळे त्याला पँडिऑनिडी या स्वतंत्र कुळात स्थान मिळाले. ऑस्ट्रेलिया आणि त्याच्या आसपासच्या बेटांवरील ऑस्प्रेला काही तज्ज्ञ वेगळी जाती मानतात. ती सोडली तर या कुळात अन्य कोणीही नाही. अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांवर तो आढळतो, मग ते त्याचे विणीचे ठिकाण असो वा हिवाळी मुक्कामाचे.

ओळखण्यासाठी पंखांचा आकार पाहावा. उडताना मनगटाजवळ वाकलेले त्याचे लांब, अरुंद पंख समोरून इंग्रजी एम अक्षरासारखे दिसतात, आणि त्या वाकणावर खालच्या बाजूने गडद डाग असतो. पाठ तपकिरी, पोट पांढरे आणि डोळ्यांतून मागे मानेपर्यंत गेलेला गडद पट्टा, एवढ्या खुणा दुर्बिणीतून सहज दिसतात. पंखांचा विस्तार साधारण दीड मीटर असतो आणि मोठ्या मादीचा तो १८० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. वजन मात्र क्वचितच दोन किलोच्या वर जाते. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड याहून बराच मोठा आणि जड असतो. त्याचे पंख रुंद आणि शेपटी आखूड, पाचरीसारखी असते, शिवाय त्याच्या पांढऱ्या डोक्यावर गडद पट्टा नसतो.

प्रश्न : इतक्या उंचीवरून त्याला पाण्यातला मासा कसा दिसतो, आणि निसटता, बुळबुळीत मासा तो पकडून कसा ठेवतो?

उत्तर : ऑस्प्रे साधारणपणे पाण्यावर दहा ते चाळीस मीटर उंचीवरून शोध घेतो. मासा दिसल्यावर तो बऱ्याचदा जागच्या जागी पंख फडफडवत थांबतो, थोडा खाली येतो, पुन्हा थांबतो आणि मग तिरका किंवा जवळजवळ सरळ सूर मारतो. शेवटच्या क्षणी तो पाय डोक्याच्या पुढे आणतो, त्यामुळे पाण्यात आधी नख्या शिरतात. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात आणि म्हणून मासा असतो त्यापेक्षा वेगळ्या जागी दिसतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. सूर जितका सरळ, तितका हा फरक कमी होतो. उरलेला अंदाज पक्ष्याला सरावाने येतो. नुकत्याच उडू लागलेल्या पिल्लांचे प्रयत्न वारंवार फसतात, ते याच कारणाने.

मासा धरून ठेवण्याचे काम त्याच्या पायांचे आहे. घुबडाप्रमाणे ऑस्प्रेलाही बाहेरचे बोट मागे वळवता येते, त्यामुळे मासा पुढच्या दोन आणि मागच्या दोन बोटांच्या पकडीत सापडतो. तळव्यांवर बारीक, टोकदार काट्यांसारखे खवले असतात आणि नख्या गोलाकार, चांगल्याच वाकलेल्या असतात. पिसारा दाट आणि तेलकट असल्याने पाणी लवकर निथळते, आणि सूर मारताना नाकपुड्या मिटता येतात. बाहेर आल्यावर तो अंग झटकतो आणि माशाचे डोके पुढे येईल असा मासा पायांत फिरवून घेतो. असे केल्याने हवेचा विरोध कमी होतो.

एवढी सिद्धता असूनही त्याच्यावर एक मोठे बंधन आहे, आणि पुढच्या काही उत्तरांचा आधार तेच बंधन आहे. ऑस्प्रे पाण्याखाली पोहत नाही. त्याची पोहोच पृष्ठभागापासून सुमारे एक मीटरपर्यंतच असते. त्याखाली कितीही मासे असले, तरी त्याच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच असतात.

प्रश्न : मोठ्या जलाशयात मासे भरपूर असतात असे मच्छीमार सांगतात, तरी काही जलाशयांवर ऑस्प्रे टिकतो आणि काहींवर दिसतच नाही. त्याचा अधिवास नेमका कसा असावा लागतो?

उत्तर : वरच्या उत्तरातील एक मीटरची मर्यादा लक्षात ठेवली की निम्मे कोडे सुटते. पाण्यात एकूण किती मासे आहेत, यापेक्षा पृष्ठभागाजवळ किती येतात आणि वरून ते दिसतात का, हे ऑस्प्रेसाठी महत्त्वाचे असते. म्हणून उथळ खाड्या, नद्यांची मुखे, खारफुटीच्या कडेचे पाण्याचे पट्टे, तलावांचे उतरते काठ आणि धरणांच्या जलाशयांचे उथळ फाटे त्याला मानवतात. खोल, उभ्या काठांचा जलाशय आपल्या डोळ्यांना कितीही भव्य वाटला, तरी त्याला तिथे फारसे काही मिळत नाही. सतत वारा सुटून पाणी खळबळत असेल, गाळाने ते गढूळ झाले असेल किंवा सांडपाण्यामुळे त्यावर शेवाळाचा थर चढला असेल, तर मासे असूनही शिकार फसते. उत्तर युरोपातील काही तलावांमध्ये याच्या उलट घडले : आम्लवर्षेमुळे पाणी काचेसारखे स्वच्छ झाले, पण त्यातील मासेच संपले.

अधिवासाचा दुसरा भाग म्हणजे घरट्याची जागा. ऑस्प्रे काटक्यांचे अवाढव्य घरटे बांधतो आणि वर्षानुवर्षे त्यातच भर घालत जातो, त्यामुळे त्याला शेंडा मोडलेले किंवा सपाट माथ्याचे जुने झाड, कडा किंवा पाण्यात उभा असलेला वाळका बुंधा लागतो. जमिनीवरून येणारे भक्षक नसतील तर तो अगदी जमिनीवरही घरटे करतो. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या खाजणांतल्या बेटांवर अशी घरटी आहेत. म्हणजे झाड हवेच असा त्याचा हट्ट नाही. त्याला फक्त भक्षकापासून सुरक्षित आणि मोकळी जागा हवी.

तिसरा भाग बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे अंतर. उत्तरेकडील ऑस्प्रे स्थलांतर करतात. स्कॉटलंडमध्ये वीण करणारे पक्षी सहारा ओलांडून सेनेगल आणि गांबियापर्यंत जातात, तर उत्तर आशियातील पक्षी हिवाळ्यात भारतीय उपखंडातील जलाशयांवर आणि खाड्यांवर येतात. नर आणि मादी हिवाळा एकत्र काढत नाहीत. दोघांची मुक्कामाची ठिकाणे वेगळी असतात आणि प्रौढ पक्षी बहुधा दरवर्षी त्याच ठिकाणी परततो. पहिल्यांदा दक्षिणेकडे गेलेले पिल्लू पुढच्या उन्हाळ्यात परत न येता तिथेच राहते आणि साधारणपणे दोन वर्षांचे झाल्यावर उत्तरेकडे फिरते. त्यामुळे हजारो किलोमीटर अंतरावरची दोन पाणथळे आणि त्यांच्या मधले विसाव्याचे थांबे असा सगळा मिळून एका पक्ष्याचा अधिवास होतो. यातील एकाच ठिकाणी संरक्षण देऊन समाधान मानणे मला चुकीचे वाटते. दुसऱ्या टोकाचे उथळ पाणी भराव घालून बुजवले गेले, तर पहिल्या टोकाचे घरटे रिकामे राहते.

प्रश्न : डीडीटीमुळे ऑस्प्रे नामशेष होण्याच्या मार्गावर होता असे वाचले. कीटकनाशक तर डासांवर फवारले जात होते; मग ते पक्ष्याला कसे बाधले?

उत्तर : हा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दलदलींवर डासांच्या नायनाटासाठी डीडीटी मोठ्या प्रमाणावर फवारले गेले. हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, चरबीत मात्र साठते. पाण्यातील सूक्ष्म जीवांमधून ते लहान माशांत गेले, लहान माशांतून मोठ्या माशांत आणि अखेरीस रोज मासेच खाणाऱ्या ऑस्प्रेच्या शरीरात, आणि प्रत्येक पायरीवर त्याची मात्रा वाढत गेली. डीडीटीचे विघटन होऊन बनणारे डीडीई हे द्रव्य अंड्याच्या कवचात कॅल्शियम बसण्याच्या क्रियेत अडथळा आणते. परिणामी कवचे पातळ झाली, उबवायला बसलेल्या मादीच्या वजनाने अंडी फुटू लागली आणि जी टिकली त्यांतीलही अनेक उबली नाहीत. १९५० ते १९७० या काळात न्यूयॉर्क आणि बोस्टन यांच्या दरम्यानच्या किनाऱ्यावरील सुमारे ९० टक्के जोड्या नाहीशा झाल्या.

दोष नेमका कशात आहे, यावर त्या वेळी बराच वाद होता. माणसांची वर्दळ वाढली म्हणून पालक अंडी नीट उबवत नाहीत, असेही काही जण म्हणत. १९६८ आणि १९६९ मध्ये संशोधक पॉल स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा आणि निर्णायक प्रयोग केला. कनेक्टिकट नदीच्या मुखाजवळ पिल्ले जवळजवळ होतच नव्हती, तर मेरीलँडमधील चेसापीक उपसागरात स्थिती पुष्कळ बरी होती. त्यांनी दोन्ही ठिकाणच्या अंड्यांची अदलाबदल केली. मेरीलँडची अंडी कनेक्टिकटच्या घरट्यांत व्यवस्थित उबली. कनेक्टिकटची अंडी मेरीलँडच्या घरट्यांतही फारशी उबली नाहीत. पालकांचे उबवणे ठीक होते, जागाही ठीक होती, बिघाड अंड्यातच होता आणि तो पालकांनी खाल्लेल्या माशांतून आला होता. संरक्षणाच्या इतिहासात इतक्या थोड्या साधनांनी इतके स्पष्ट उत्तर मिळाल्याची उदाहरणे फार नाहीत.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरील फवारणीविरुद्ध १९६६ मध्ये न्यायालयात दावा दाखल झाला आणि १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या शेतीसह बहुतेक वापरांवर बंदी घातली. त्यानंतर पक्षी परतू लागले, पण वेग मंद होता. ऑस्प्रे साधारणपणे तीन ते पाच वर्षांचा झाल्यावर प्रथम वीण करतो आणि वर्षाला बहुधा तीनच अंडी घालतो, त्यामुळे एका पिढीचे नुकसान भरून यायला दशके लागतात.

प्रश्न : खांबावर कृत्रिम घरटे उभारले की ऑस्प्रे येतो, असे म्हणतात. हा उपाय सर्वत्र करता येईल का?

उत्तर : जिथे मासे आहेत, पण घरट्यासाठी जागा नाही, तिथे हा उपाय फार चांगला ठरतो. फिनलंडमध्ये व्यापारी वनशेतीमुळे सपाट माथ्याची जुनी झाडे कमी झाली. तिथे १९७० च्या दशकापासून स्वयंसेवकांनी झाडांच्या शेंड्यांवर मचाणे बांधली आणि आज तेथील जवळपास निम्मी घरटी अशा मचाणांवर आहेत. विजेच्या खांबावर घरटे झाले तर पक्षी दगावतो आणि पुरवठाही खंडित होतो. म्हणून शेजारीच अधिक उंच, मोकळा खांब उभारून घरटे त्यावर हलवण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली आहे.

जिथून पक्षी पूर्ण नाहीसा झाला आहे, तिथे मात्र नुसता खांब पुरत नाही. ऑस्प्रेचा नर आपण जिथून पहिल्यांदा उडालो, त्या परिसरातच वीण करायला परततो. अनोळखी, रिकाम्या प्रदेशात तो सहसा वसत नाही. ब्रिटनचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. शिकार आणि अंडी गोळा करण्याचा छंद यांमुळे स्कॉटलंडमधील वीण १९१६ नंतर थांबली. १९५४ मध्ये लॉख गार्टन येथे एक जोडी आपणहून आली, बहुधा स्कँडिनेव्हियातून. पण १९५८ मध्ये रात्रीच्या पहाऱ्यातूनही तेथील अंडी चोरीला गेली. १९५९ मध्ये पक्षीसंरक्षण संस्थेने जागा लपवून ठेवण्याऐवजी लोकांना दुरून घरटे पाहण्याची सोय करून दिली, आणि हजारो लोकांच्या नजरेमुळे घरटे अधिक सुरक्षित झाले. तो निर्णय धाडसाचा होता आणि मला तो अगदी योग्य वाटतो.

इंग्लंडमध्ये पक्षी आपणहून पसरण्याची चिन्हे दिसेनात, म्हणून १९९६ पासून सहा वर्षांत स्कॉटलंडमधील ६४ पिल्ले रटलंड वॉटर या मानवनिर्मित जलाशयावर आणून, तिथेच वाढवून सोडण्यात आली. उडण्यापूर्वी आणल्याने त्यांनी ती जागाच आपली मानली. २००१ मध्ये तिथे पहिली यशस्वी वीण झाली. मचाणे तिथेही बांधली होती, पण ती पिल्ले वाढवण्याच्या, माशांची खात्री करून घेण्याच्या आणि पहारा ठेवण्याच्या कामाच्या जोडीने.

प्रश्न : चेसापीक उपसागरात ऑस्प्रेची घरटी विपुल असूनही पिल्ले जगत नाहीत, अशी बातमी वाचली. डीडीटी तर बंद झाले. मग आता काय बिघडले?

उत्तर : चेसापीक हा जगातील सर्वांत दाट ऑस्प्रे-वस्त्यांपैकी एक आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे सुमारे १,४५० जोड्या होत्या. डीडीटीवरील बंदीनंतर ही संख्या कित्येक हजारांवर गेली. मात्र अलीकडे उपसागराच्या दक्षिणेकडील खाऱ्या भागात, विशेषतः मॉबजॅक बे येथे, बहुसंख्य घरट्यांत पिल्ले उपासमारीने मरताना आढळली. तेथील ऑस्प्रेचे मुख्य भक्ष्य मेनहेडन नावाचा, थव्याने पृष्ठभागाजवळ फिरणारा तेलकट मासा आहे. संशोधकांनी काही घरट्यांत हा मासा बाहेरून नेऊन ठेवला, तेव्हा तिथे जगलेल्या पिल्लांचे प्रमाण इतर घरट्यांच्या दुपटीहून अधिक निघाले. संख्या स्थिर राहण्यासाठी तेथे दर जोडीमागे वर्षाला सरासरी सुमारे १.१५ पिल्ले उडावी लागतात. बाहेरून मासे न ठेवलेल्या घरट्यांत हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी होते.

पक्ष्यांना अन्न कमी पडते आहे, एवढे यातून सिद्ध होते. अन्न का कमी पडते, यावर तीव्र मतभेद आहेत. संरक्षणवादी औद्योगिक मासेमारीकडे बोट दाखवतात, तर मासेमारी उद्योग पाण्याचे तापमान आणि माशांच्या हालचालींतील बदल अशी अन्य कारणे पुढे करतो. मासेमारीचे कोटे ठरवताना माणसाने किती मासा काढावा एवढेच न पाहता पक्ष्यांसाठी, मोठ्या माशांसाठी आणि पाण्यातल्या सस्तन प्राण्यांसाठी किती मागे ठेवावा, हेही धरायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तो हिशोब संपूर्ण किनाऱ्याचा मिळून न करता प्रत्येक उपसागराचा वेगळा केला पाहिजे, कारण पिल्लांना भरवणारा नर शेकडो किलोमीटर दूर जाऊ शकत नाही.

प्रश्न : मत्स्यशेती करणाऱ्यांनी ऑस्प्रेपासून आपल्या तळ्याचे रक्षण कसे करावे?

उत्तर : प्रौढ ऑस्प्रेला दिवसाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम मासे पुरतात, त्यामुळे मोठ्या तळ्याला एका पक्ष्याचा उपद्रव जाणवत नाही. विणीच्या हंगामात नर संपूर्ण कुटुंबासाठी मासे नेतो आणि छोट्या तळ्याला ते नुकसान सोसत नाही, हेही खरे आहे. ही तक्रार कमी लेखू नये. माशांच्या पिल्लांची तळी ताणलेल्या जाळ्याने झाकणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. जाळे सैल सोडू नये, कारण त्यात पक्षी गुंतून मरतात. पक्ष्यावर बंदूक चालवणे अनेक देशांत गुन्हा तर आहेच, शिवाय उपयोगाचेही नाही. स्थलांतराच्या मार्गावरील तळ्यावर त्याची जागा दुसरा पक्षी घेतो. स्कॉटलंडमधील काही मत्स्यशेती केंद्रांनी एक तळे ऑस्प्रेसाठी उघडे ठेवले आहे आणि काठावर छायाचित्रकारांसाठी लपण बांधून ते त्याचे शुल्क घेतात.

प्रश्न : घरट्याजवळ छायाचित्रण करताना किती अंतर ठेवावे? बोटीतून पाहिले तर पक्ष्याला त्रास होतो का?

उत्तर : एकच आकडा सर्वत्र लागू पडत नाही. वर्दळीच्या बंदरातील ऑस्प्रे माणसांना सरावलेला असतो. निर्जन कड्यावरील पक्षी खूप दुरूनच उठतो. मादी घरट्यावर उभी राहून वारंवार ओरडू लागली किंवा घरटे सोडून वर घिरट्या घालू लागली, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून लगेच मागे फिरावे. अंडी उबवण्याच्या सुमारे पाच-सहा आठवड्यांत आणि पिल्ले अगदी लहान असताना हे विशेष पाळावे. मादी उठल्यावर अंडी थंड पडतात, आणि उन्हाच्या प्रदेशात पिल्ले सावलीअभावी दगावतात.

बोटींचा त्रास निश्चित होतो, आणि तो संरक्षित क्षेत्रातही होतो. भूमध्य समुद्रातील कोर्सिका बेटावर १९७४ मध्ये ऑस्प्रेच्या जेमतेम तीन जोड्या उरल्या होत्या. १९७५ मध्ये तेथे स्कॅन्डोला राखीव क्षेत्र स्थापन झाल्यावर संख्या चांगली वाढली. पुढे त्याच क्षेत्राची कीर्ती पसरून पर्यटकांच्या बोटी कड्यांखाली गर्दी करू लागल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, बोटींच्या वर्दळीत नर घरट्यावर मासे कमी आणत होते, पिल्लांच्या पिसांत ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण अधिक होते आणि विणीचे यश घटले होते. विणीच्या महिन्यांत घरट्याखालच्या पाण्यात बोटींना मज्जाव करणे हा तेथे सर्वांत साधा आणि परिणामकारक उपाय ठरेल.

आणखी एका गोष्टीकडे याच निमित्ताने लक्ष वेधतो. ऑस्प्रे घरट्याच्या आत मऊ थर देण्यासाठी पाण्याकाठी सापडेल ते उचलतो, आणि त्यात मासेमारीची नायलॉन दोरी तसेच गवताच्या गठ्ठ्यांना बांधायची प्लास्टिकची सुतळी असते. ती पिल्लांच्या पायांना गुंडाळली जाते आणि वाढत्या पायात रुतत जाते. दरवर्षी अनेक पिल्ले अशा प्रकारे मरतात. स्वतः घरट्यावर चढून सोडवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. वन खात्याला किंवा वन्यजीव बचाव पथकाला कळवावे. काठावर पडलेली दोरी दिसल्यास उचलून, तुकडे करून कचऱ्यात टाकावी, आणि हे काम विणीचा हंगाम सुरू होण्याआधी, पक्षी घरट्याची डागडुजी करायला लागण्यापूर्वी केल्यास त्याचा उपयोग सर्वाधिक होतो.